भाड्याचे घर आणि ते सांभाळणारे हात

(जयपूर येथील अभ्यासवर्गात कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गृहनिर्माणाच्या प्रश्नाची चर्चा आपल्या देशात बहुधा दोनच आकड्यांभोवती फिरते. किती घरे मंजूर झाली, आणि किती बांधून झाली. तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सरकारी अनुदानातून उभे राहिलेले आणि कष्टकऱ्याला माफक भाड्याने द्यावयाचे घर पुढची चाळीस-पन्नास वर्षे सांभाळणार कोण? भाडे घेऊन पावती देणारा, पाण्याचा पंप चालविणारा, गळक्या छताची तक्रार नोंदवून घेणारा, थकबाकीदाराच्या दारी जाणारा कर्मचारी कोठे शिकला? त्याला कोणी शिकविले? आणि शिकलेले ज्ञान वापरण्याइतके दिवस त्याची नोकरी टिकते काय? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

हा विषय वरवर पाहता कार्यालयीन वाटतो. वस्तुतः तो कामगारवर्गाच्या दोन विभागांचा एकत्र प्रश्न आहे. भाडेकरू कष्टकरी आहे, आणि त्याची इमारत सांभाळणाराही कष्टकरीच आहे. या दोघांना एकमेकांसमोर उभे करून मधला नफा तिसऱ्याने न्यावयाचा, अशी रचना आज देशभर उभी राहत आहे.

जयपूरचे चित्र

ज्या शहरात ही चर्चा होत आहे, त्याचेच उदाहरण प्रथम घ्यावे. १७२७ मध्ये वसविले गेलेले जयपूर हे आखून बांधलेल्या नगरांचा नमुना म्हणून ओळखले जाते. अलीकडच्या काळात येथे २४ फेब्रुवारी १९७० रोजी राजस्थान गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, आणि १९८२ मध्ये जयपूर विकास प्राधिकरण आले. मानसरोवरसारखी प्रचंड वसाहत सार्वजनिक संस्थेने उभारली, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु या वसाहतींचा मुख्य रोख मालकीच्या घराकडे होता. हप्ते भरू शकणारा पगारदार त्यात सामावला.

हप्ते भरू न शकणारा मात्र बाहेरच राहिला. सीतापुरा आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रांत काम करणारा कामगार, रत्नांना पैलू पाडणारा कारागीर, पहाटे कामगारांच्या नाक्यावर म्हणजे येथील भाषेत 'चौखटी'वर उभा राहणारा बांधकाम मजूर यांना मालकीचे घर नको आहे असे नाही. पण आज त्यांना हवी असते ती कामाच्या जवळची, परवडणाऱ्या भाड्याची, दार लावता येईल अशी खोली. ती मिळत नाही म्हणून एका खोलीत अनेक जण दाटीवाटीने राहतात किंवा कच्च्या बस्तीचा आसरा घेतात.

२००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेखाली आणि पुढे राजीव आवास योजनेखाली गरिबांसाठी घरे बांधली गेली. जयपूरच्या कडेला जयसिंहपुरा खोर आणि किरोंकी ढाणी येथील वसाहती त्यांतल्याच. अशा योजनांतून बांधलेली देशभरातील एक लाखाहून अधिक घरे रिकामी पडून असल्याचे २०२० मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले. त्या वर्षी टाळेबंदीत लक्षावधी स्थलांतरित मजूर पायी गावाकडे निघाले. शहरात त्यांना राहावयास जागा नव्हती, आणि त्याच वेळी सरकारची लाखावर घरे कुलपात होती! या विसंगतीची लाज वाटूनच की काय, जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना जाहीर झाली.

त्या योजनेत दोन मार्ग होते. पहिला, रिकामी सरकारी घरे दुरुस्त करून २५ वर्षांच्या कराराने चालवावयास देणे. दुसरा, खासगी वा सार्वजनिक संस्थांनी स्वतःच्या जमिनीवर नवी संकुले बांधणे. सुरुवातीचे भाडे स्थानिक संस्थेने ठरवावयाचे, त्यानंतर दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढ, आणि पाच वर्षांत एकूण २० टक्क्यांपर्यंत. लाखाहून अधिक रिकाम्या घरांपैकी पहिल्या मार्गाने काही वर्षांत भाड्याची झाली ती जेमतेम साडेपाच हजार. राजस्थानात ती झाली चितोडगडमध्ये, ४८० घरे. २०२४ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा आला आणि त्यातही भाड्याच्या घरांना स्वतंत्र विभाग मिळाला.

या कराराचे अर्थशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. भाडे ठरलेले आणि त्याच्या वाढीला मर्यादा. मग चालविणाऱ्या कंत्राटदाराने नफा कोठून काढावयाचा? खर्च कमी करून. इमारतीच्या दैनंदिन खर्चात सर्वांत सहज कापता येण्याजोगी बाब म्हणजे माणसे. तीन पाळ्यांऐवजी एकच रखवालदार, कुशल तंत्रज्ञाऐवजी मिळेल तो मदतनीस आणि अकरा महिन्यांची नेमणूक. जो अकरा महिन्यांनी जाणार, त्याला शिकविण्यावर खर्च करणे कंत्राटदाराच्या हिशेबात तोट्याचे ठरते. प्रशिक्षणाच्या अभावाचे मूळ कोणाच्या निष्काळजीपणात नसून या व्यवहारात आहे.

जुन्या अनुभवाचा धडा

अनुदानित भाड्याची घरे ही काही नवी कल्पना नाही. १९५२ मध्येच केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना सुरू केली. राज्य सरकारांना व गृहनिर्माण मंडळांना निम्मा खर्च अनुदान म्हणून आणि निम्मा कर्ज म्हणून मिळे. मुंबईच्या उपनगरांतील अनेक कामगार वसाहती त्या काळच्या आहेत. परंतु बांधकामाचा पैसा दिल्लीहून येत असे, तर सांभाळण्याचा पैसा तुटपुंज्या भाड्यातून काढावयाचा असे. दुरुस्ती लांबत गेली, भाडे थकत गेले आणि थकबाकी दाखवून दुरुस्ती आणखी लांबविली गेली. पुढे अनेक ठिकाणी ही घरे रहिवाशांनाच विकून सरकार मोकळे झाले. रहिवाशाला मालकी मिळाली, हे खरे. पण पुढच्या पिढीच्या कामगारासाठी भाड्याचे सार्वजनिक घर उरले नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रातील दुसरा अनुभव ताजा आहे. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाडे-घरांची योजना मोठ्या गाजावाजाने आणली. विकासकाला जादा चटईक्षेत्र द्यावयाचे आणि त्या बदल्यात घरे घ्यावयाची, अशी ती योजना होती. घरे उभी राहू लागल्यावर ती भाड्याने चालवावयाची कशी, भाडे गोळा करणार कोण, इमारत राखणार कोण, याचे उत्तर देणारी यंत्रणाच उभी नव्हती. अखेर भाड्याची कल्पना सोडून देण्यात आली. पनवेलजवळ कोन येथील अशा घरांची डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली. ताबा मिळण्यापूर्वीच करोनाची साथ आली, घरे अलगीकरणासाठी घेतली गेली, आणि परत मिळाली तेव्हा त्यांची मोडतोड झालेली होती. आयुष्यभर यंत्रमागावर राबलेल्या माणसांना दुरुस्तीसाठी पुन्हा ताटकळावे लागले. रिकामी इमारतसुद्धा सांभाळावी लागते आणि ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते, हा त्याचा अर्थ.

मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींच्या रहिवाशांसाठी असलेली संक्रमण शिबिरे हे तिसरे उदाहरण. तात्पुरती म्हणून दिलेल्या या घरांत काही कुटुंबांच्या दोन पिढ्या गेल्या. मूळ रहिवासी कोण, वारस कोण, घुसखोर कोण याचा निवाडा करण्यासाठी पुनःपुन्हा सर्वेक्षणे करावी लागली. नोंदवही पहिल्या दिवसापासून नीट ठेवणारा, वारसाची नोंद वेळच्या वेळी करणारा शिकलेला कर्मचारी असता, तर घुसखोरी करणाऱ्या दलालांना इतका वाव मिळाला नसता. म्हाडाच्या व्यवस्थेत 'मिळकत व्यवस्थापक' आणि 'भाडे वसुलीकार' ही पदे आहेत. परंतु पदाच्या नावावरूनच दिसते की शासनाच्या लेखी मुख्य काम मिळकत राखणे आणि भाडे वसूल करणे हे आहे. त्यात राहणारा माणूस त्या नावात कोठेच नाही.

हे काम नेमके काय आहे?

'रखवालदारी' किंवा 'वसुली' या शब्दांनी ज्याची बोळवण केली जाते, ते काम प्रत्यक्षात अनेक कौशल्यांचे आहे. पाण्याच्या टाक्या, पंप, उद्वाहन, वीजजोडणी आणि अग्निशमनाची साधने यांची देखभाल त्यात येते. भाड्याचा हिशेब, पावत्या, ताबापत्र व करारपत्र यांची नोंद त्यात येते. कायद्याची जाण तर अत्यावश्यक आहे. राजस्थानात २००१ चा भाडेनियंत्रण कायदा आहे, तर सार्वजनिक जागेतून काढण्याविषयी १९६४ चा वेगळा कायदा आहे. नोटीस न देता, म्हणणे ऐकून न घेता कोणाचे सामान रस्त्यावर फेकता येत नाही. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि काढण्यापूर्वी म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या, ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले. हे ज्याला ठाऊक नाही, तो कर्मचारी वरिष्ठांच्या तोंडी हुकमावर बेकायदा कृत्य करतो आणि उद्या चौकशी लागली की बळी त्याचाच जातो.

याहून गंभीर बाब जिवाची आहे. प्रत्येक गृहसंकुलाला मैलापाण्याची टाकी असते. ती तुंबते, तेव्हा कोणाला तरी बोलाविले जाते. २०१३ च्या कायद्याने पुरेशा संरक्षक साधनांशिवाय गटारात वा टाकीत माणूस उतरविण्यास मनाई केली आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांपर्यंत वाढविली. तरीही मे २०२५ मध्ये याच जयपूरच्या सीतापुरा भागात दागिन्यांच्या एका कारखान्यातील टाकीत उतरलेल्या कामगारांपैकी चौघांचा विषारी वायूने जीव घेतला. एकामागून एक जण आधीच्याला वाचवावयास आत उतरतो आणि बेशुद्ध पडतो, असे या दुर्घटनांत वारंवार घडते. माणसाला आत उतरवावयाचे नाही, यंत्र मागवावयाचे, आणि वरचा हुकूम आला तरी नकार द्यावयाचा, एवढे ज्याला शिकविले आहे आणि नकार दिल्यावरही ज्याची नोकरी शाबूत राहते, असा एक पर्यवेक्षक अशा जागी चार संसार वाचवू शकतो. प्रशिक्षण म्हणजे केवळ प्रमाणपत्राचा कागद नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

इतरत्र काय घडले?

एंगल्सने १८७२ मध्ये गृहप्रश्नावर लेखमाला लिहिली. घरांची टंचाई ही भांडवलशाहीत अपघाताने येणारी आपत्ती नसून त्या व्यवस्थेच्या चालीतूनच ती उपजते, हे त्यात त्याने दाखविले. त्याच सुमारास लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी १८६५ पासून गरिबांची घरे चालविण्याचा प्रयोग आरंभिला होता. दर आठवड्याला स्वतः दारी जाऊन भाडे घ्यावयाचे, दुरुस्ती पाहावयाची आणि मदतनीस स्त्रियांना कामातूनच शिकवावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. दृष्टी परोपकाराची होती, भाडेकरूला शिस्त लावण्याची होती. नगरपालिकांनी घरे बांधण्यास तर त्यांचा विरोधच होता. तरीही घर सांभाळणे हा शिकावयाचा व्यवसाय आहे, ही गोष्ट त्यांच्या प्रयोगाने सिद्ध केली. १९१५ मध्ये ग्लासगोच्या कामगार स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली भाडेबंदीचा लढा दिला आणि सरकारला भाडे गोठविणारा कायदा करावा लागला. १९१९ नंतर नगरपालिकांनी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली, तेव्हा ती चालविणाऱ्या शिक्षित व्यवस्थापकांचा वर्गही तेथे वाढला.

व्हिएन्ना शहराने १९१९ ते १९३४ या काळात साठ हजारांहून अधिक नागरी घरे उभारली. त्यासाठी १९२३ मध्ये श्रीमंतांवर अधिक भार टाकणारा गृहकर बसविला. त्या वसाहतींत सार्वजनिक धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालये होती आणि त्या चालविणारे कर्मचारी नगरपालिकेचे होते. १९३४ मध्ये प्रतिगामी सरकारने कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या, पण घरे टिकली. आज त्या शहराकडे सुमारे २ लाख २० हजार नागरी घरे आहेत. शंभर वर्षे घरे टिकतात ती केवळ चांगल्या विटांमुळे नव्हे.

आधी पद, मग प्रशिक्षण

भारतात प्रशिक्षणाच्या संस्था नाहीत, असे म्हणता येणार नाही. जयपूरमध्येच हरिश्चंद्र माथुर यांच्या नावाची राज्य लोकप्रशासन संस्था आहे, जेथे अधिकारी शिकतात. पंचायतराज आणि ग्रामविकासासाठी इंदिरा गांधींच्या नावाची वेगळी संस्था आहे. दिल्लीत हुडकोने १९८५ मध्ये मानवी वसाहतींच्या व्यवस्थापनासाठी संस्था काढली. मुंबईत १९२६ पासून अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था नगरपालिकांच्या सेवकांना शिकवीत आली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री आणि नळकारागीर तयार होतात. मग अनुदानित भाड्याच्या घरांचा कर्मचारी कोठे अडतो?

याचे उत्तर दोन जुन्या उदाहरणांत आहे. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षकाचे पद असते, त्याला पदविका लागते, म्हणून पदविकेचा वर्ग भरतो. दुसरे उदाहरण कामगार कल्याण अधिकाऱ्याचे. मुंबईच्या नागपाडा वस्तीत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी चालविलेल्या कामातून १९३६ मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि अशा शिक्षणाला नोकरीचा दरवाजा उघडला. तो अधिकारी पुष्कळदा मालकाचाच माणूस ठरला, हा अनुभव कामगार चळवळ विसरलेली नाही. पण मुद्दा असा की कायद्याने पद निर्माण केले, पात्रता ठरविली, म्हणून प्रशिक्षण उभे राहिले. भाड्याच्या घरांबाबत आज उलटा क्रम सांगितला जातो. आधी कौशल्य मिळवा, मग नोकरीचे बघू! ज्या पदाला मंजुरी नाही, वेतनश्रेणी नाही, बढती नाही, त्याचे प्रमाणपत्र घेऊन तरुणाने करावयाचे काय?

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. प्रशिक्षणाची जी संधी आहे ती वरच्या पायरीवर एकवटते. अधिकारी परिसंवादास जातो आणि पंप चालविणारा पंपापाशीच राहतो. केरळमध्ये १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत हजारो सामान्य कार्यकर्त्यांना त्यांच्या मातृभाषेत, टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देण्यात आले. खालच्या पायरीवरील माणसाला शिकविता येत नाही, हा समज त्या अनुभवाने खोडून काढला आहे.

मागण्या आणि कार्य

पहिली मागणी पदांची. अनुदानित भाड्याच्या प्रत्येक संकुलात घरांच्या संख्येनुसार कायम पदे मंजूर झाली पाहिजेत, मग चालविणारी संस्था सरकारी असो वा खासगी. करार होतो तेव्हाच वेतन, कामाचे तास आणि प्रशिक्षण यांच्या अटी त्यात लिहिल्या गेल्या पाहिजेत.

दुसरी मागणी त्रिस्तरीय शिक्षणाची. रखवालदार, सफाई कामगार व पंपचालक यांना कामाच्या वेळेत, पूर्ण वेतनासह अल्पमुदतीचे वर्ग मिळावेत. ते जयपूरला हिंदीत आणि महाराष्ट्रात मराठीत व्हावेत. पर्यवेक्षकासाठी वर्षभराचा अभ्यासक्रम असावा, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली गृहनिर्माण मंडळातच प्रत्यक्ष काम शिकण्याची सोय असावी. अधिकाऱ्यांच्या शिक्षणात भाडेकरूंचे हक्क हा विषय सक्तीचा असावा. खालच्या स्तरावरून वरच्या स्तरावर जाण्याची वाट खुली असली पाहिजे.

तिसरी मागणी स्त्रियांसाठी. दिवसभर घरात वावर स्त्रियांचा असतो, पाण्याची व गटाराची झळ त्यांनाच प्रथम लागते. त्याच वसाहतीतील स्त्रियांना या पदांवर व प्रशिक्षणात राखीव वाटा मिळाला पाहिजे.

चौथी मागणी भाडेकरू समितीची. वसाहतीचे हिशेब तिच्यापुढे यावेत, आणि प्रशिक्षणवर्गाचा काही भाग कर्मचारी व भाडेकरू यांनी एकत्र बसून करावा. दोघे एकमेकांची अडचण जाणतील, तेव्हा वसुलीकार आणि थकबाकीदार यांच्यात भांडण लावून देणे कठीण होईल.

यावर सांगितले जाईल की पैसा नाही. त्याला उत्तर असे की कुलपात कुजणाऱ्या लाखभर घरांवर पैसा आधीच खर्च झालेला आहे. सांभाळणारा नसल्यामुळे तो मातीत जात आहे. दुसरा आक्षेप येईल की कायम नोकर काम करीत नाही. ज्याला शिकविलेच नाही, साधने दिली नाहीत आणि दुरुस्तीचा निधी दिला नाही, त्याच्यावर हा ठपका ठेवणे न्याय्य नव्हे.

कॉम्रेड्स, ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांसमोर साधे काम आहे. आपल्या शहरात अनुदानित घरे कोठे आहेत, किती रिकामी आहेत, ती कोण चालवितो, तेथे किती कर्मचारी आहेत आणि त्यांना काय वेतन मिळते, याची यादी करावी. माहितीच्या अधिकाराखाली करारपत्रे मागवावीत. नगरपालिका कामगारांच्या संघटनेने या कर्मचाऱ्यांना सभासद करून घ्यावे, आणि भाडेकरूंच्या सभेला त्यांना आवर्जून बोलवावे. घराचा हक्क किल्ली हातात पडली की पुरा होत नाही. नळाला पाणी येईपर्यंत, छत गळणे थांबेपर्यंत आणि टाकीत कोणाचा जीव जाणार नाही याची खात्री होईपर्यंत तो लढा चालूच राहतो. तो भाडेकरू आणि कर्मचारी यांना एकाच बाजूने लढावा लागेल.